डाळ तीच

गोदामात माझ्या ताब्यात
साडेचार हजार प्रकारचे बोल्ट आहेत.
प्रत्येकाला खण, प्रत्येकाला नंबर.
जहाज गोदीला लागलं की
डोळे मिटून काढून देतो, हवा तो.

आणि मुहर्रकच्या या खोलीत, रात्री,
एका कुकरात एक डाळ.
काल मूग. परवा मूग.
त्याआधी आठवत नाही, म्हणजे मूगच.

कुंदा परत गेली तेव्हा
(मुलीची अकरावी-बारावी होती)
फ्रिजवर कागद चिकटवून गेली:
सोम वरण-भात, मंगळ मटकी, बुध फ्लॉवर,
गुरू काय असेल ते.
खाली, पेन संपत आलेलं, फिकट अक्षरांत:
कंटाळलास तर डाळ बदलू नकोस, फोडणी बदल.

दोन वर्षं मी तो कागद
सुरक्षेच्या नियमांसारखा वाचला,
म्हणजे शेवटची ओळ सोडून.

मग एका गुरुवारी क्रेनवाल्या मन्सूरनं
वॉशरच्या डब्यातून काळा खडा काढून
माझ्या तळहातावर ठेवला.
सुकवलेलं लिंबू. लूमी.
हलकं, आत काहीतरी खुळखुळणारं.
म्हणाला, भोक पाड आणि सोड डाळीत.
मी ड्रिलनं पाडलं. सवय.

त्या रात्री आमटीला जो आंबटपणा आला
तो आमसुलाचा नव्हता, चिंचेचा नव्हता,
थोडा धुराचा, थोडा बंद कपाटाचा.
पहिल्या घासाला मी मागे वळून पाहिलं,
कोण आलंय म्हणून.

तिथून हात सुटला.
भाजीबाजारात एक म्हातारी
बर्बीर, बर्बीर म्हणत जुड्या मांडते.
एक उचलली तर, अगं बाई, ही घोळ!
तेच लाल देठ, तीच जाड पानं,
आमच्या परसातलं तण,
इथं दोनशे फिल्स.
ताकातली केली, हरभऱ्याची डाळ घालून.
शिळ्या खुबूसचा कुस्करा केला, कांदा-मिरचीवर परतून.
कलिंगडाचा पांढरा गर टाकून द्यायचो,
त्याला गोडा मसाला लावला.
दाण्याचं कूट संपलं तेव्हा वांग्यात ताहिनी भरली
(हे कुंदाला अजून सांगितलेलं नाही).
कारल्यात खजुराची काकवी जरा जास्तच पडली.
ते मन्सूरनं संपवलं, बिचारा,
मधे तीनदा पाणी पिऊन.

मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली त्या महिन्यात
मी हे सगळं फोनवर सांगत होतो,
खण-नंबरासकट.
कुंदा हं हं करत होती.
तू काय केलंस आज?
मेतकूट-भात.
आणि काल?
तिकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग: एकटीसाठी कोण घाट घालतंय.

म्हणजे चिपळूणला दोन शेगड्या, खलबत्ता,
सात वाट्यांचा मिसळणाचा डबा,
अंगणात कढीलिंब,
आणि बाई मेतकूट-भातावर.
मला हसू आलं. मग आलं नाही.
फ्रिजवरच्या कागदाची शेवटची ओळ
मी तिलाच वाचून दाखवली.
हे कोणी लिहिलंय, म्हणाली.

आता तिथले साडेआठ, इथले सहा.
फोन ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकवलेला.
तिचं तेल आधी तापतं, माझी शेगडी मंद.
थांब. थांबलेय. टाक.
मोहरी दोनदा तडतडते,
एकदा जवळ, एकदा लांब,
मधे जराशी खरखर.
लसूण जास्त झाला, ती म्हणते,
आणि तरी खाते, ते ऐकू येतं.

आज विचारत होती,
तो काळा खडा कुरियरनं येतो का.
मी म्हटलं, नोंद करून घेतो.
जिन्नस: लूमी. नग: दहा. मागणी: घरची.
लिहिता लिहिता माझी डाळ
खाली लागली.